गोंगाट ऐकलेली बंडी

मी एक जुनी बंडी आहे. लहान मुलाच्या मापाची, छातीवर एक घट्ट खिसा असलेली. मित्रांनो, त्या खिशात खाऊ नसतो हं. त्यात आवाज टिपणारं एक छोटं यंत्र असतं. मुलं बोलायला कशी शिकतात, याचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रासाठी शिंप्याने मला शिवलं.

पहिली काही वर्षं माझी चंगळ होती. प्राध्यापकांची, डॉक्टरांची मुलं मला घालायची. शांत खोली, समोर आई, हातात चित्रांचं पुस्तक. तिसऱ्या कोणाचा आवाज आला, की तो 'गोंगाट' म्हणून खोडायचा, असा केंद्राच्या मॅडमचा नियम होता. कोणत्या वयात किती शब्द यायला हवेत, याचा तक्ता त्यांनी या मुलांवरूनच बनवला. पाहुण्यांपुढे माझं कौतुक व्हायचं आणि मी फुगायचे.

दर शनिवारी मी लाँड्रीत जायचे. तिथे आजी कपडे धुवायची, आई इस्त्री करायची, काका सायकलवरून कपडे पोचवायचे. त्यांची अडीच वर्षांची मिरी सगळ्यांच्या पायांत घुटमळायची. लहान आणि तिखट, म्हणून मिरी. मला धुणाऱ्या या घरातल्या मुलीच्या अंगात मला कधी कोणी घातलं नव्हतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

मग मिरीला बालवाडीत घालायचं ठरलं. तिथल्या बाईंनी आमचाच तक्ता काढून तिला चित्रं दाखवली. अनोळखी खोलीत मिरीने तोंडातून ब्र काढला नाही. बाईंनी लिहिलं, 'बोलण्यात मागे. यंदा प्रवेश नको.' "लेकराशी समोर बसून बोलते कधी मी? माझंच चुकलं," असं म्हणत आई इस्त्री फिरवत राहिली. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात केंद्रात काम करणारी एक ताई चालू यंत्र माझ्या खिशातच विसरली. गाठोडं सुटताच मिरीने मला अंगात घातलं आणि दुपारपर्यंत मिरवलं. धुण्याआधी आजीने खिसा चाचपला, म्हणून यंत्र वाचलं आणि केंद्रात परत गेलं.

मॅडम म्हणाल्या, त्यात टिपलेलं सगळं पुसून टाका, नुसता गोंगाट असेल. ताईने मात्र लाँड्रीत जाऊन परवानगी मागितली आणि सगळ्यांनी मिळून ते ऐकलं. मिरी आजीशी आजीच्या भाषेत भांडत होती, आईशी आईच्या. काकांना दटावत होती, गिऱ्हाइकाला 'उद्या या' सांगत होती. आणि आई इस्त्री करता करता तिच्याशी अखंड बोलत होती, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. ऐकताना आईचे डोळे भरून आले.

ताईने मॅडमना बोलावून आणलं. त्या गाठोड्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. आईने त्यांच्या हातातला तक्ता पाहिला, त्यात फक्त आई आणि मूल असे रकाने होते. तिने विचारलं, "मॅडम, यात आजी कुठे लिहायची?"

मॅडमनी पट्टी मागितली. तिथेच त्यांनी नवे रकाने आखले. तक्ता अपुरा आहे, असं बालवाडीला स्वतः लिहून दिलं. पुढच्या वेळी मिरी आजीला शेजारी बसवून चित्रं बघायला गेली. तिने एकेका चित्राची दोन-दोन नावं सांगितली आणि वर बाईंनाच विचारलं, "तुमची आजी काय म्हणते याला?" प्रवेश झाला.

आता माझा रंग विटला आहे, पण मी मजेत आहे. गवंड्याच्या, कोळ्याच्या, ट्रकचालकाच्या घरी जाते. मित्रांनो, एखादं मूल गप्प बसलं तर त्याला लगेच मागे म्हणू नका. घरी ते कोणाकोणाशी बोलतं, ते आधी विचारा. आणि मी उसवले तर मला टाका घाला, पण कपाटात कोंबू नका. अजून कितीतरी घरं ऐकायची राहिली आहेत.