मेण खाणारी मंडळी

फुटबॉलच्या त्या मैदानाला पाणी घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. थेंब मातीवर मोत्यासारखा बसून राही आणि मैदानाची देखभाल करणारे मामा त्याच्याकडे बघत बसत. जन्मभर पाणी पाजलेल्या जमिनीने उतारवयात असं तोंड फिरवावं, हे त्यांना फार लागलं होतं. क्लबच्या सेक्रेटरींना मात्र काहीच लागलं नव्हतं. महिनाअखेरपर्यंत जमीन पाणी प्यायली नाही, तर काँक्रीट ओतून तिथे गाड्या लावायच्या, असं त्यांनी ठरवून टाकलं. काँक्रीटला तहान लागत नाही.

मामांची भाची मातीतल्या जिवाणूंवर संशोधन करायची. ती पाठीला फवारणीचा पंप लावूनच आली.

"कुजलेल्या गवतातलं मेण वाळूच्या कणांना चिकटलंय, मामा. या पंपातले जिवाणू ते खातात."

"मेण? दुसरं काही मिळत नाही बिचाऱ्यांना?"

"याच मातीतले आहेत, मी फक्त वाढवलेत. तू बारीक फवाऱ्याने ओल ठेव, बाकी काही करू नकोस."

आठवड्याने तिने थेंब टाकून पाहिला. थेंब ढिम्म.

"मामा, काही घातलंस का?"

"थोडी साखर. पाण्यातून, रोज."

"साखर?"

"अगं, आपल्याकडे कामाला आलेत. उपाशीपोटी कसं राबवायचं?"

भाचीने कपाळावर हात मारला. "समोर साखर असताना मेण तू खाशील?"

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणजे काँक्रीट आपल्याच हाताने ओतलं की!

साखर बंद झाली. फवारा मारताना मामांना जमिनीच्या नजरेला नजर देववेना.

महिनाअखेरीस सेक्रेटरी मोजपट्टी घेऊन हजर झाले. भाचीने थेंब टाकला. तो बसला, थरथरला आणि गुपचूप मातीत उतरला. मामांनी श्वास रोखून दुसरा टाकला. तोही गेला. सेक्रेटरींनी संशयाने अख्खी झारी उपडी केली, तर माती काळीभोर होऊन सगळं पिऊन मोकळी.

"साखरेवर कुटुंब वाढलं," भाची हसत म्हणाली, "आणि साखर संपल्यावर सगळी मेणावर तुटून पडली."

"यांचा पगार काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"जेवण. तेही आपलं आपण शोधतात."

अशा कर्मचाऱ्यांच्या शोधात सेक्रेटरींची हयात गेली होती. त्यांनी मोजपट्टी गुंडाळली आणि जवळून बघायला पुढे झाले, तेवढ्यात मामा आडवे आले.

"साहेब, बूट काढा."

"का हो?"

"खाली मंडळी जेवतायत."

सेक्रेटरींनी निमूटपणे काढले.