पाण्याची खूण

विजयसिंह सरांनी धनश्रीला पुण्याच्या ऑफिसात बोलावून सांगितलं, मेंढपाळांसाठी काहीतरी नवं बनवायचंय. काय बनवायचं ते तूच शोध. मुदत सहा महिने आणि हाताशी एकटा लखन. लखन प्रोग्रॅमर, कामाला वाघ, पण मेंढरू त्यानं लांबूनच पाहिलेलं. धनश्री मूळची धारूरची. प्रॉडक्ट मॅनेजर होऊन तिला चार वर्षं झाली होती, पण आजवर दुसऱ्यांनी उभं केलेलंच ती नीटनेटकं करत आली होती. मुळापासून काही उभं करायची ही पहिलीच वेळ.

जानेवारीत ती गावी आली. धारूरच्या आसपासच्या डोंगरात मेंढपाळांच्या तळांवर हिंडली, बावीस कुटुंबांत बसून चहा प्याली आणि प्रत्येकाला विचारलं, "सगळ्यात मोठी अडचण कोणती?" सगळ्यांचं उत्तर एकच, "पाणी." तिला बरं वाटलं. एवढं एकमत कुठल्याच कामात तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

फेब्रुवारी सरेस्तोवर लखननं ॲप तयार केलं. फोनवर नकाशा, ज्याला जिथं पाणी दिसेल त्यानं तिथं बोट ठेवायचं, की निळी खूण उमटायची आणि ती सगळ्यांना दिसायची. वीस जणांच्या फोनांत तिनं ते स्वतः घालून दिलं.

तीन आठवडे गेले. लोक ॲप रोज उघडत होते, काहीजण दिवसातून चारचारदा. खूण मात्र एकानंही केली नाही.

"बटण बारीक आहे," धनश्री म्हणाली. लखननं बटण मोठं केलं. मग नुसतं बोलून खूण करायची सोय केली. तरी नकाशा कोराच.

शेवटी ती तात्याबाच्या तळावर गेली. तात्याबा आणि त्याची बायको रतनबाई किल्ल्यामागच्या माळावर दीडशे मेंढरं घेऊन उतरले होते. रतनबाई सरपणाला गेली होती. धनश्रीनं तात्याबाला गळ घातली, "मामा, एक तरी खूण करा. एकानं केली की बाकीचे करतील." तात्याबा भिडस्त माणूस. लेकीच्या वयाची पोर उन्हातान्हात हिंडते म्हणून त्यानं खालच्या दरीतल्या डोहावर बोट ठेवलं. धनश्रीनं लगेच लखनला फोन करून कळवलं. लखननं तिकडं पेढे आणले म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्या डोहावर सात कळप उतरले. मेंढरं एकमेकांत मिसळली, ती निवडण्यात अर्धा दिवस गेला, दोन घरांत हातघाई झाली. महिनाभर पुरलं असतं ते पाणी दोन दिवसांत चिखल झालं. तात्याबाला तळ मोडून दोन मुक्काम लांब जावं लागलं. वाटेत तीन कोकरं दगावली.

धनश्रीला हे चौथ्या दिवशी कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. ती विचारत विचारत नव्या तळावर पोचली. तात्याबानं मान वर केली नाही. रतनबाईनं पाणी दिलं आणि समोर बसली.

"मावशी, माझं चुकलं," धनश्री म्हणाली. "पण तुम्ही सगळ्यांनीच सांगितलं होतं ना, पाण्याची अडचण आहे म्हणून?"

"हाय की. पर पाणी कुटं हाय हे आमाला ठावं हाय. न्हाई ठावं असं कोन बोललं तुला?"

"मग खूण का नाही केली कुणी, हे तरी सांगायचं."

"तू इचारलंस का?" रतनबाई म्हणाली. "आपल्या पाण्याचा पत्ता कोन देतं गं? मानसं दुसऱ्याचा बघाया उघडत व्हती तुजं ते."

धनश्रीच्या वहीत बावीस कुटुंबांची उत्तरं होती आणि त्यांतलं एकही खोटं नव्हतं.

त्या दिवशी ती परतली नाही. पुढचे दोन दिवस कळपामागं चालली आणि काही विचारायचं नाही असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रतनबाईनं तीन ठिकाणी फोन लावले. एक नणंदेला, एक भावाला, एक डोंगरापल्याडच्या दुकानदाराला. तिन्हीकडं एकच प्रश्न, "बाभुळडोहावर कोन हाय का?" शेवटच्या फोनला कळलं की दोन कळप कालच उतरलेत. रतनबाईनं वाट बदलली.

धनश्रीनं तिथूनच लखनला फोन लावला. "नकाशा काढून टाक."

"काढून म्हणजे? मग उरतं काय?"

"आवाज. माणसानं एका ठरलेल्या नंबरावर फोन करायचा, जिथं जायचंय त्या जागेचं नाव घ्यायचं. तिथं किती कळप आहेत, किती निघालेत, एवढंच त्याला सांगायचं. ज्याला जागाच माहीत नाही त्याला काही कळणार नाही."

रतनबाई ऐकत होती. "आन एकानं धा नावं घेतली म्हंजी? सगळ्यांचा ठाव काढंल की त्यो."

"मग काय करायचं, मावशी?"

"दिसाला एकच नाव. ज्यानं नाव घेतलं त्यो तिकडं निगाला असं धरायचं."

हा नियम धनश्रीनं जसाच्या तसा लखनला सांगितला.

विजयसिंह सरांना ते पटलं नाही. "दाखवायला काहीच नाही यात," ते म्हणाले. "नकाशा तरी दिसत होता." धनश्रीनं त्यांना सात कळपांची गोष्ट सांगितली, कोकरांचीही. सरांनी शेवटी होकार दिला. मग म्हणाले, "मुदत वाढणार नाही."

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नावांनी. एकाच डोहाला तीन तळांवर तीन नावं, आणि त्यांतलं एकही कागदावर नाही. रतनबाईनं सांगायचं आणि धनश्रीनं फोनवर तिच्याच आवाजात भरून घ्यायचं, असं महिनाभर चाललं. तात्याबा त्यात बसला नाही. तो कधी रागावलाही नाही, पण धनश्री आली की मेंढरांकडं निघून जायचा. कोकरांचं बोलायला ती दोनदा त्याच्यामागं गेली. दोन्ही वेळा तो म्हणाला, "जाऊ दे, बाई," आणि दुसरंच काही बोलू लागला.

मे महिन्यात वीसपैकी चौदा घरं एक दिवसाआड फोन करत होती. पाच घरांनी नंबर पुसून टाकला. त्या पाचांत डोहावर मारामारी झालेली दोन्ही घरं होती. उरलेलं विसावं घर तात्याबाचं. तिथून फोन यायचा तो रतनबाईचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सरांनी काम पुढं चालवायचं ठरवलं आणि पुढचा तालुका म्हणून शिरूर कासारचं नाव घेतलं. लखननं विचारलं, "तिथं पहिला प्रश्न काय विचारणार?"

"अजून ठरवलं नाही," धनश्री म्हणाली, आणि चालायचे बूट घ्यायला बाजारात गेली.