माफीचा तास

“यांनी माझ्या आईच्या थोबाडीत मारली.”

मुलीने रोखलेलं बोट खाली घेतलं नाही. बोट फळ्याशेजारच्या गादीच्या खुर्चीकडे होतं आणि खुर्चीत पालिकेचे साहेब बसले होते. हेडसर चहाचा ट्रे घेऊन दारातून आत आले होते. तो कुठे ठेवावा हे न सुचून त्यांनी खिडकीत ठेवला.

चौथीच्या या वर्गात आठवड्यातून एकदा माफीचा तास भरायचा. तो बाईंनी सुरू केला होता. ज्याला कोणी दुखावलं त्याने उठून नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्याने उभं राहायचं, मध्ये तोंड न घालता ऐकायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून माफी मागायची. लहानमोठं, हुशार-ढ, नियम सगळ्यांना एकच. एकदा उगाच ओरडल्याबद्दल बाई स्वतः उभ्या राहिल्या होत्या. भोंगा नावाने ओळखला जाणारा पोरगा तर इतक्यांदा उभा राहायचा की, आधीच माफी मागून ठेवली तर नंतर ढकललं तरी चालेल का, असं त्याने विचारून घेतलं होतं. त्या दिवशी वर्ग पोट धरून हसला होता.

या तासाची कीर्ती वरपर्यंत पोचली, म्हणून साहेब बघायला आले. साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी त्यांच्याच देखरेखीखाली शाळेकडचा रस्ता मोकळा करण्यात आला. त्याच रस्त्याच्या कडेला मुलीची आई शिलाई मशीन मांडून बॅगांच्या चेन बसवून द्यायची.

“नीट सांग,” सवयीने बाईंच्या तोंडून निघून गेलं.

मुलीने नीट सांगितलं. माणसं मशीन ट्रकमध्ये टाकत होती. आईने चाक धरून ठेवलं, म्हणाली, मी उचलते ना साहेब, जरा दम धरा. तेव्हा यांनी मारली. घरी आल्यावर आई म्हणाली, गाल सुजलाय तो पडल्यामुळे. पण मी दप्तर घेऊन समोरच उभी होते.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर परवडलं असतं. त्यांनी हसून तिला बाळ म्हटलं, काही कामं करावीच लागतात, मोठी झालीस की कळेल म्हणाले, आणि हेडसरांकडे बघितलं. नुसतं बघितलं. हेडसर लगबगीने बाईंजवळ गेले. पोरीला माफी मागायला लावा आणि मिटवा, असं त्यांनी कानात सांगितलं. तुमच्या कायम नोकरीच्या ऑर्डरवर यांचीच सही व्हायची आहे, हेही सांगायला ते विसरले नाहीत. हात दाखवून अवलक्षण, असं काहीसं स्वतःशी पुटपुटत ते पुन्हा खिडकीपाशी गेले.

बाई मुलीजवळ आल्या. तिची कॉलर सरळच होती, तरी त्यांनी ती पुन्हा सरळ केली.

“पाहुण्यांना असं बोलत नाहीत, बाळा. माफी माग त्यांची.”

वर्षभर ज्या तोंडाने सगळे सारखे म्हणून शिकवलं, त्याच तोंडाने.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग बाकातून बाहेर आली, खुर्चीसमोर गेली आणि शिकवलं होतं अगदी तसंच, साहेबांच्या डोळ्यांत बघत, स्वच्छ आवाजात माफी मागितली. नजर आधी साहेबांनी वळवली.

“शाब्बास,” ते म्हणाले. “संस्कार चांगले आहेत.”

माफी मागून झाली की वर्गाने टाळ्या वाजवायच्या, असा रिवाज होता. आज पहिल्या टाळ्या वाजल्या त्या बाईंच्या, मग हेडसरांच्या. त्या दोघांच्याच. मुलांचे हात बाकांवर पडून राहिले. भोंग्याने तर आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

“जा, बस जागेवर,” बाई म्हणाल्या.

मुलगी जागची हलली नाही. न कळलेलं गणित विचारावं, तसं तिने विचारलं.

“माझं झालं, बाई. यांना कधी उभं करताय?”