काठोकाठ चहा

दोन वर्षांपूर्वी आयसाल्किन ओश शहरातल्या दवाखान्यात चालणाऱ्या बायकांच्या गटात पहिल्यांदा गेली, तेव्हा तिला जगायचंच नव्हतं. रशियात मजुरीला गेलेला नवरा एचआयव्ही घेऊन आला, तिला देऊन मरून गेला. सासूने तिचा चहाचा पियाला वेगळा काढला आणि गावभर सांगून मोकळी झाली. गोळ्या घ्यायच्या तरी कुणासाठी?

गट बुरुलचा नावाची बाई चालवायची; सगळ्या तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. एजेने आयसाल्किनचा उष्टा चहा उचलला आणि सगळ्यांदेखत पिऊन टाकला. म्हणाली, "मलाही तेच आहे. नऊ वर्षं झाली. मेले का मी?"

त्या घोटावर आयसाल्किन जगली. रोज संध्याकाळी आठला गोळी, आणि आठलाच एजेचा मेसेज: घेतलीस का?

म्हणूनच एजेच्या मुलीची सोयरीक ठरल्याचं कळताच ती निघाली. बोलावणं नव्हतं, पण बहिणीला कसलं आलंय बोलावणं? भल्या पहाटे उठून तिने तंदूरमध्ये सात नान भाजले, मुलीसाठी रेशमी रुमाल घेतला.

जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या वरच्या, मानाच्या अंगाला विहीणबाई बसल्या होत्या. आयसाल्किनला पाहून एजेच्या तोंडचं पाणी पळालं. ही कोण, असं विहीणबाईंनी विचारलं. दवाखान्यात फरशा पुसते, तोंडओळख आहे, असं एजेने सांगितलं. आयसाल्किनने आयुष्यात कधी दवाखान्याची फरशी पुसलेली नव्हती.

मग एजेने चहा ओतला. आमच्याकडे पाहुणा हवासा असला की पियाला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतायला मिळतं. काठोकाठ भरला, की पिऊन उठायचं. विहीणबाईंचा अर्धा, शेजारणींचा अर्धा. आयसाल्किनचा एजेने मान वर न करता काठोकाठ भरला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आयसाल्किनची जीभ पोळली, तरी तिने थेंबही ठेवला नाही.

एजे तिला फाटकापाशी गाठायला धावत आली. हातात मांसाची न् तळलेल्या बोरसोक-पुऱ्यांची पुरचुंडी.

"रागावू नकोस गं. तुझं नाव गावभर झालंय. त्यांना माझाही संशय आला असता तर पोरीचं लग्न मोडलं असतं."

"त्या दिवशी माझा उष्टा चहा प्यायलीस, एजे. तेव्हा नाही भ्यायलीस?"

"तो होय?" एजेला खरंच नवल वाटलं. "ते आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी तसंच करायचं."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. समजूत घातली असंच तिला वाटलं असावं. आयसाल्किनला मात्र भर रस्त्यात कुणी अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं तसं झालं. तिने पुरचुंडी फाटकावर ठेवली आणि निघाली.

संध्याकाळी आठला गजर झाला. तिने गोळी तळहातावर घेतली. तेवढ्यात मेसेज आला: घेतलीस का?

हेही शिकवलेलंच असेल का, हे आता तिला कोण सांगणार? तिने गोळी गिळली आणि फोन पालथा घातला. उत्तर दिलं नाही.