कुंकवाखालचा शब्द

मी निवेदिताचा जुना पासपोर्ट बोलतोय. गडद निळा, छत्तीस पानांचा, वरचा कोपरा कात्रीने उडवलेला. माझा आवाज चढलेला वाटला तर वाटू दे. इतकी वर्षं तोंड मिटून पडलो होतो, आता गोड बोलायची माझी तयारी नाही.

माझा जन्म पुण्याचा, सन दोन हजार अकराचा. निवेदिताच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. फोटो काढणाऱ्याने तिला हसू नका म्हणून तीनदा सांगितलं, तरी ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू राहिलंच. ते अजून माझ्या दुसऱ्या पानावर आहे. शेवटच्या पानावर नवऱ्याचं नाव छापलं, शार्दूल. तेव्हा त्या नावाचा मला काही राग नव्हता.

दोन वर्षांनी माझ्या अकराव्या पानावर न्यूझीलंडचा व्हिसा चिकटला. साधासुधा नव्हे, रेसिडेंट व्हिसा. तिथे जाऊन कायमचं राहायची परवानगी. शार्दूल सॉफ्टवेअरवाला, त्याच्या अर्जात बायको म्हणून निवेदिता. ती स्वतः बी. फार्म. झालेली, पण अर्जात तिची किंमत जोडीदार एवढीच होती.

मला घेऊन ती धनकवडीला बाबांकडे आली. आई आधीच गेलेली, घरात बाबा एकटे. एसटीच्या स्वारगेटच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती. खंडेनवमीला गाड्यांची पूजा करायचा मान त्यांचा. त्यामुळे जे जे म्हणून माणसाला कुठे घेऊन जातं, त्याला कुंकू लागलंच पाहिजे, असा त्यांचा नियम. सायकल आली, कुंकू. स्कूटर आली, कुंकू. मी तर त्यांच्या लेकीला समुद्रापार नेणार होतो.

त्यांनी मला देव्हाऱ्यापुढे उघडलं, कुंकू पाण्यात कालवलं आणि व्हिसावर बोटाने स्वस्तिक काढलं.

"बाबा, अहो ते सरकारी आहे!" निवेदिता ओरडली.

"असू दे. आता कुठे अडायची नाहीस तू," ते म्हणाले आणि त्यांनी मला ओलं असतानाच मिटलं.

स्वस्तिक फरफटलं. व्हिसावर दोन ओळी महत्त्वाच्या होत्या. एकीत लिहिलं होतं, ‘एक्स्पायरी डेट ट्रॅव्हल’, पुढे दोन हजार पंधरामधली तारीख. म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायची मुदत तिथवर. खालच्या ओळीत लिहिलं होतं, की राहायला मुदत नाही. कुंकवाचा लपका नेमका ‘ट्रॅव्हल’ या शब्दावर बसला आणि ओघळून खालच्या ओळीवर गेला. उघडं राहिलं ते एवढंच, ‘एक्स्पायरी डेट’ आणि तारीख.

बाबांवर मला रागावता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

ऑकलंडला आलो तेव्हा माझ्यावर दोन शिक्के उठले, मुंबई सोडल्याचा एक आणि इथे उतरल्याचा एक. तिसरा कधी उठलाच नाही. पुढच्या वर्षी इरा झाली. इथे जन्मली म्हणून आणि आईबाप रेसिडेंट म्हणून ती जन्मापासूनच इथली नागरिक. घरातल्या सगळ्यात लहान माणसाचे कागद सगळ्यात पक्के.

मग पंधरा साल आलं. शार्दूलला ऑफिसच्या कामाला सिडनीला जायचं होतं. त्याने बसून सगळे नियम वाचले, स्वतःपुरता अर्ज केला आणि जायची-यायची कायमची परवानगी मिळवली. निवेदिता मला हातात घेऊन उभी होती.

"माझाही करायचा ना?"

"तुझं नंतर बघू. तुला कुठे जायचंय लगेच?"

नंतर बघू! माझ्या आयुष्याचं वाटोळं या दोन शब्दांनी केलं. माणसं ते इतक्या सहज बोलतात की ऐकणाऱ्याला नकार मिळालाय हेसुद्धा कळत नाही. अठरा साली शार्दूल नागरिक झाला. तेव्हाही तिचं नंतर. एकोणीस साली तो मेलबर्नला गेला, आधी नोकरीसाठी आणि मग कायमचा. तिथे त्याचं दुसरं घर झालं.

जाताना भांडण झालं. मी टेबलावरच होतो.

"मी पण इथे काहीतरी करीन. सिटिझनशिपला अर्ज टाकीन," निवेदिता म्हणाली.

"कशाच्या जोरावर? तुझा व्हिसा पंधरालाच संपलाय. माझ्यामुळे कुणी विचारलं नाही आजवर. उगाच ऑफिसात जाऊन नाव काढू नकोस, परत पाठवतील. इराचं काय मग?"

तो गेल्यावर तिने मला उघडलं. अकरावं पान काढलं. ‘एक्स्पायरी डेट’, तारीख आणि पुढे लाल लपका. तिने मला मिटलं. मी आतून बोंबलत होतो, अगं, खरवड ते कुंकू! उजेडाकडे धर मला! पण पासपोर्टचं कोण ऐकतं?

हे बोलताना शार्दूलला खरं माहीत होतं की नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. माहीत नसेल तर त्याने न वाचता एका बाईचं आयुष्य संपलेलं ठरवलं. माहीत असेल तर काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

त्या दिवसापासून ती चोरासारखी राहायला लागली. या देशात राहायचा तिला पूर्ण हक्क होता आणि पोलिसाची गाडी दिसली की ती इराचा हात घट्ट धरायची. ऑकलंडमधल्याच मनुरेवाच्या एका फार्मसीत तिला काम मिळत होतं. बोलणं झालं, बाई खूश होती, शेवटी म्हणाली, उद्या येताना व्हिसाची कॉपी आण. निवेदिता दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. जवळच्या पापाटोएटोला एका दुकानाच्या मागच्या खोलीत मसाल्याची पाकिटं भरायला लागली. बी. फार्म. झालेली बाई! मला तो हळदीचा वास रोज यायचा, कारण मी तिच्या पर्समध्ये असायचो. कधी कुणी अडवलं तर काय दाखवायचं, याची तिला भीती होती, आणि तरी दाखवायला तिच्याकडे मीच होतो.

एकवीस साली माझीही मुदत संपली. नवा पासपोर्ट आला, कोरा करकरीत. माझा कोपरा कापला, वर रद्द म्हणून शिक्का मारला. कोपरा माझा कापला होता, आतल्या व्हिसाचा नव्हे, पण हे निवेदिताला कोण सांगणार? तिला वाटलं, संपलेल्या पासपोर्टातला संपलेला व्हिसा. तिने दोघांना एका रबरबँडमध्ये बांधलं. आपल्या लोकांना जुनं टाकवत नाही, एवढ्याच कारणाने मी कचऱ्यात गेलो नाही.

तेवीस साली बाबांनी अंथरूण धरलं. पाच महिने ते घरी झोपून होते. मग नऊ दिवस हॉस्पिटल. चुलतभाऊ वरुण त्यांच्या उशाशी फोन धरायचा.

"बाळ, कधी येतेस?"

"सुट्टी मिळत नाहीये हो बाबा. प्रयत्न करतेय."

"पासपोर्ट नीट आहे ना? कुंकू लावलंय मी त्याला. कुठे अडायचं नाही तुझं."

निवेदिताने फोन छातीशी धरला, म्हणजे त्यांना चेहरा दिसू नये. आपण भारतात गेलो तर परत येऊ देणार नाहीत, इरा इथे एकटी पडेल, या भीतीने ती थांबली. अग्नी वरुणने दिला. तेरा दिवस ती कामावर जात होती आणि घरी येऊन फोनवर बाबांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत होती. त्या दिवसांत मला स्वतःची इतकी चीड आली होती, की कात्री कोपऱ्यावर का थांबली, असं वाटायचं.

आता या वर्षीची गोष्ट. इराला नव्या शाळेत घालायचं होतं. शाळेला पत्त्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं आणि त्यावर जेपीची सही. जेपी म्हणजे सरकारने नेमलेली, कागदांवर साक्षीची सही करणारी बिनपगारी माणसं. शनिवारी सकाळी ती लायब्ररीत बसतात. त्या दिवशी टेबलामागे अनुराधाताई होत्या, मूळच्या दादरच्या, निवृत्त शिक्षिका.

ओळख म्हणून निवेदिताने नवा पासपोर्ट काढायला रबरबँड ताणला. तो तुटला आणि मी टेबलावर पडलो, नेमका अकराव्या पानावर उघडा. तेच पान कायम उघडलं जायचं ना!

"अगंबाई, व्हिसाला कुंकू?" ताई हसायला लागल्या. "हे आपलेच लोक करू जाणोत. कुणी लावलं?"

"बाबांनी. राहू द्या ताई, तो एक्स्पायर झालाय. केव्हाच."

निवेदिताने मला ओढायला हात पुढे केला. ताईंनी सोडलं नाही. त्यांनी चष्मा वर केला, मला खिडकीकडे तिरका धरला.

"काय एक्स्पायर झालंय? इकडे ये. वाच."

"एक्स्पायरी डेट..."

"पुढे."

"पुढे कुंकू आहे."

"कुंकवाखाली वाच ना, मुली. ट्रॅव्हल. बाहेर जाऊन परत यायची मुदत संपली. आणि खाली बघ. स्टे, इनडेफिनेटली."

इरा वाकून बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. "दॅट मीन्स फॉरएव्हर, मम," ती म्हणाली.

"तू देशाबाहेर गेली नाहीयेस ना मधे?" ताईंनी विचारलं.

"एकदाही नाही."

"मग तू अजून रेसिडेंट आहेस. हे बघ, व्हिसाबद्दल सल्ला द्यायला या देशात लायसन्स लागतं आणि माझ्याकडे ते नाही. पण छापलेलं वाचून दाखवायला लागत नाही. इमिग्रेशनला विचार, लेखी घे."

मला वाटलं, आता ती हसेल. ती हसली नाही.

"म्हणजे मला जाता आलं असतं," ती म्हणाली. "बाबांकडे."

ताईंनी मला टेबलावर ठेवलं. मग हळू म्हणाल्या, "परत यायचा व्हिसा आधी मागून घेतला असतास, तर हो. जाऊन येता आलं असतं."

निवेदिताने मला असं मिटलं, की शेजारच्या टेबलावरचा म्हातारा दचकला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याखेरीज कुणीतरी संतापलं होतं.

लायब्ररीच्या पायऱ्यांवरूनच तिने मेलबर्नला फोन लावला.

"तुला माहीत होतं?"

"अगं, मी कुठे एवढं बारीक वाचलं? वर तारीख संपलेली दिसली, म्हणून म्हटलं. एवढं काय त्यात?"

"स्वतःचं बारीक वाचलं होतंस ना?" ती म्हणाली आणि फोन बंद केला. त्या माणसाशी बोलायला यापेक्षा जास्त शब्द लागत नाहीत.

इमिग्रेशनचं पत्र तीन आठवड्यांत आलं. तेरा सालापासून रेसिडेंट, आजतागायत, खंड नाही. मग नागरिकत्वाचा अर्ज. गेल्या महिन्यात मनुकाऊच्या सरकारी ऑफिसच्या काउंटरवर आम्ही दोघं पासपोर्ट शेजारी शेजारी मांडले गेलो. पलीकडची मुलगी "किया ओरा" म्हणाली, म्हणजे इथला माओरी नमस्कार, अगदी गोड होती. तिने माझी पानं उलटली, कुंकवाकडे बघून "प्रिटी" म्हणाली. मग अर्जाच्या त्या रकान्यावर आली, जिथे गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर घालवलेले दिवस लिहायचे असतात. निवेदिताने तिथे शून्य लिहिलं होतं.

"झिरो? पाच वर्षांत एकही दिवस नाही? वाव! लोक याच रकान्यात अडकतात. तुमचा अर्ज एकदम सोपा आहे. स्वीट ॲज!" म्हणजे इकडच्या बोलीत एकदम झकास.

शाबासकी! त्या शून्यासाठी तिला शाबासकी मिळाली. माझी कोरी पानं तिच्या चांगुलपणाचा पुरावा ठरली. मला त्या काउंटरवर स्वतःला फाडून घ्यावंसं वाटलं.

निवेदिता सही करायला वाकली होती. ती थांबली.

"बावीस," ती इंग्रजीत म्हणाली. "बावीस दिवस मी इथे असायला नको होतं. नऊ हॉस्पिटलचे आणि तेरा नंतरचे. ते कुठे लिहू?"

मुलगी गोंधळली. तिने अर्ज वरखाली पाहिला. कुठे असा रकाना सापडतोय का, हे ती खरोखर शोधत होती.

"सॉरी," ती म्हणाली. "इथे फक्त गेलेले दिवस लिहायचे असतात."

निवेदिताने सही केली.

आता मी पुन्हा पर्समध्ये आहे. पर्सला हळदीचा वास आहेच, पण सोमवारपासून ती मनुरेवाच्या त्याच फार्मसीत जाणार आहे. ती इथली नागरिक झाली की नवा पासपोर्टही भारत सरकारला परत करावा लागेल, त्याचाही कोपरा जाईल. माझं काय करायचं, हे तिने ठरवलंय. इथला नागरिकत्वाचा शपथविधी झाला की ती इराला घेऊन पुण्याला जाणार आणि मला बाबांच्या फोटोपुढे ठेवणार, अकरावं पान उघडून.

तुमच्या कपाटात असाच कुणी रबरबँडमध्ये बांधून पडला असेल, तर आज त्याला बाहेर काढा. कुणी संपलंय म्हणालं, तर सांगणाऱ्याचं तोंड बघू नका. खिडकीशी जा आणि कुंकवाखालचा शब्द स्वतः वाचा. निवेदिताने तो वाचला तेव्हा बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.