पडद्यामागची मूळ संख्या

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर अंकमहाराज डोळे मिटून बसले होते.

"शंभरावी मूळ संख्या?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"पाचशे एक्केचाळीस. अरे, जिला कुणी भागू शकत नाही, तीही मला पत्ता सांगते. मग तुमचं नशीब कुठं लपणार?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठाच्या पडद्यालगत बसलेल्या शिंपिणीने मात्र शेजारच्या नणंदेचा हात धरला. नवऱ्याच्या पित्ताशयाला सूज होती, दुपारी ऑपरेशन होतं; आणि कालच महाराजांनी बजावलं होतं, "त्याला शस्त्र लागलं की संपला." तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"वन्सं, ऑपरेशन नको. महाराजांचं काही चुकत नाही हो."

नणंद शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिने मांडीवर लॅपटॉप उघडला. "वहिनी, बघ. ज्या संख्यांना एक सोडून दुसऱ्या लहान संख्येने पूर्ण भाग जातो, त्या गाळल्या. उरल्या त्या मूळ. हे सूत्र त्यातली हव्या क्रमांकाची उचलून देतं. हजार टाक."

शिंपिणीने हजार टाकलं. उत्तर आलं ७९१९. नणंदेने तोच क्रमांक मोठ्याने विचारला. महाराज क्षणभर थांबून म्हणाले, "सात हजार नऊशे एकोणीस."

नणंद एक चिठ्ठी घेऊन वर गेली. "आता हा क्रमांक मनातच वाचा आणि उत्तर द्या."

महाराजांनी चिठ्ठी परत केली. "उच्चारल्याशिवाय अंक जागा होत नाही. हट्ट धरलात तर तुमच्या घरावर संकट येईल."

तेवढ्यात पडद्यामागून दबका आवाज आला, "काय विचारलंय? ऐकू नाही आलं." शिंपीण भीतीने गारठली होती, तरी हात पुढे गेला. तिने पडदा ओढला.

आत शिष्य बसला होता. समोर लॅपटॉपवर तसंच सूत्र, हातात छोटा माइक. नणंदेने महाराजांच्या लांब केसांआडचं कानातलं यंत्र काढून लोकांना दाखवलं.

दुपारी ऑपरेशन झालं. "आणखी उशीर केला असता तर पित्ताशय फुटलं असतं," डॉक्टर म्हणाले. शिंपीण भिंतीला टेकून किती तरी वेळ रडत राहिली.

गणित कुणालाही येतं, यंत्रालासुद्धा. त्यावरून कुणी तुमचं मरण सांगू लागला, तर घाबरा हवं तर; पण आधी पडदा ओढून बघा.