डुकराची तार नव्हे

मदीहाच्या रेडिओने आजच बोलायला हवं होतं. परदेशातलं एक तरी स्टेशन पकडून, वेळ नि डायलवरचा मीटरचा आकडा वहीत लिहून उद्या आण, तरच प्रदर्शनात टेबल, असं विज्ञानाच्या सरांनी बजावलं होतं. नाहीतर टेबल वर्गातल्या करिष्माच्या ज्वालामुखीला! पण रेडिओची स्वतःची एरियलची दांडी, परदेशी स्टेशनं लागतात त्या शॉर्टवेव्हवर, नुसती खरखरत होती. मग लांब तार लावायचीच, हे नववीतल्या मदीहाने पक्कं केलं.

अहेरीत तिच्या घरामागेच डोमाभाऊंचं धानाचं शेत. घरात पडून असलेली कुंपणाची जाड तार मजबूत, म्हणून तिने तीच बांधावरच्या खुंट्यांना बांधली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. रेडिओ जोडणार, तोच डोमाभाऊ काठी घेऊन धावत आले.

"रानडुकरासाठी करंट सोडून राह्यली का वं? असल्याच तारेनं माझा बैल गेला!"

"करंट नाई भाऊ, रेडिओचं एरियल आहे!" मदीहाने तार दोन्ही हातांनी घट्ट धरली. "पाहा, काही होते का मले?"

"अन् फॉरेस्टवाल्यानं पाह्यलं त मलेच धरून नेईन! तवा येशीन का तार धरून दाखवाले?"

मदीहाने तार सोडली. हट्ट नाही सोडला. अब्बांच्या, म्हणजे जाहिदभाईंच्या, मोटर वाइंडिंगच्या दुकानातून तिने उरलेली तांब्याची तार आणली. केसासारखी बारीक.

"तुटीन ना वाऱ्यानं," मागोमाग आलेले अब्बा म्हणाले.

"ताणतच नाई, झोळ ठेवते. अन् बांधावरल्या मोहाच्या झाडाच्या शेंड्याले बांधते. डोमाभाऊ, डुक्कर झाडावर चढते का?"

डोमाभाऊ खो खो हसले आणि स्वतःच मोहावर चढले.

दिवस कलला. तार दांडीला गुंडाळली, तरी खरखर तेवढीच!

"मोटरवाल्याची पोरगी," दारातून अब्बा म्हणाले, "अन् तारेचं वार्निश नाई खरडलं? त्याच्यातून काई जाते का?"

मदीहाने जीभ चावली. ब्लेडने टोक लख्ख होईपर्यंत खरडलं, पुन्हा गुंडाळलं नि काटा इंच इंच सरकवला. शीळ आली, गेली... आणि एक बाई बोलू लागली, कुणालाच न कळणारं काहीतरी.

"झालं का?" डोमाभाऊंनी विचारलं.

"नाव कळल्याशिवाय मी उठत नाई!"

वीस मिनिटं ती कान लावून बसली. शेवटी इंग्रजीत कुणीतरी 'हनोई' म्हणालं. तिने लिहिलं, एकतीस मीटर, सहा वाजून पाच मिनिटं, आणि पेन डोमाभाऊंपुढे धरला.

"साक्षीदाराची सही पाह्यजे."

"हे हनोई कुठी आलं? सिरोंच्याच्या पलीकडं?"

"लय पलीकडं, भाऊ!"

डोमाभाऊंनी हात धोतराला पुसले आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.